‘लिव्हिड’ : वर्ण की वैवर्ण्य?

इंग्रजीतील रंगवाचक विशेषणांमध्ये ‘लिव्हिड’ हे विशेषण काहीसे बदनाम आहे. शिशासारखा निळसर करडा, मार लागून काळानिळा पडलेला, प्रेतवत् पांढराफटक, व्रणासारखा तांबूस, आणि रंगाशी काहीही संबंध न ठेवता निव्वळ ‘अतिशय संतापलेला’ एवढे सगळे अर्थ हा एकच शब्द वाहून नेतो. मेरियम-वेबस्टरच्या कोशात हे बहुतेक अर्थ क्रमांक लावून एकाखाली एक दिलेले आढळतात. क्रमांकांमुळे वाचकाची अशी समजूत होते की, हे योगायोगाने एकाच रूपात वावरणारे चार-पाच निरनिराळे शब्द असावेत.

काही वर्षांपूर्वी एका अनुवाद-कार्यशाळेत विसाव्या शतकातील एका इंग्रजी कादंबरीचा उतारा पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता. त्यात मुलाचे पत्र वाचून बाप ‘लिव्हिड’ होतो. एका विद्यार्थ्याने ‘तो निळा पडला’ असे लिहिले, दुसरीने ‘पांढराफटक पडला’, तिसऱ्याने ‘लालबुंद झाला’. तिघांच्याही हाती कोश होता, आणि तिघांचाही कोश खरा होता. मी तिसऱ्याच्या बाजूने कौल दिला. प्रसंग रागाचा आहे आणि मराठीत राग लाल असतो, एवढेच कारण सांगितले. तो निर्णय घाईचा होता असे आता वाटते. तो का घाईचा होता, हे तपासताना जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

अशा शब्दांविषयी दोन प्रकारची उत्तरे आपल्याकडे सहज दिली जातात. पहिले उत्तर शुद्धिवाद्यांचे. शब्दाचा मूळ अर्थ निळसर करडा. पुढचे सारे अर्थ अज्ञानातून शिरलेले. ज्यांना मूळ लॅटिन ठाऊक नाही त्यांनी शब्द नासवला. दुसरे उत्तर अलीकडच्या सिद्धान्तनाच्या परिभाषेत येते. शब्द एकाच वेळी निळा, पांढरा आणि लाल असू शकतो, यावरून चिन्हिताची अनिश्चितता सिद्ध होते. अर्थ सतत पुढे ढकलला जातो, वगैरे. ही दोन्ही उत्तरे वरवर परस्परविरोधी असली तरी एक गृहीत दोघांनाही मान्य आहे. ते म्हणजे, ‘लिव्हिड’ हे मुळात एका रंगछटेचे नाव आहे. शुद्धिवादी त्या छटेचा ऱ्हास झाला म्हणून हळहळतो, सिद्धान्तवादी तिच्या हरवण्याचा उत्सव करतो. प्रश्न त्या गृहीताचाच आहे.

लॅटिन ‘लिव्हेरे’ म्हणजे निळसर होणे. त्यावरून ‘लिव्हिदुस’ हे विशेषण आणि ‘लिव्होर’ हे नाम. फ्रेंचमार्गे हे विशेषण पंधराव्या शतकात इंग्रजीत आले. व्युत्पत्तिकार या धातूचे नाते स्लाव्ह भाषांतील आलुबुखारवाचक शब्दाशी जोडतात. त्या फळाच्या मद्याचे ‘स्लिव्होव्हित्स’ हे नाव त्याच कुळातले. तेव्हा मुळाशी एक छटा होती हे मान्य करायला हरकत नाही. परंतु रोमन लेखकांच्या हाती हा शब्द लागतो तेव्हा तो बहुतेक वेळा मार बसलेल्या त्वचेचा असतो. सॅम्युअल जॉन्सनने आपल्या १७५५च्या कोशात ‘लिव्हिड’चा अर्थ देताना आधार घेतला आहे तो आघाताचा. आघाताने रंग पालटलेला, असे तो सांगतो. जॉन्सनच्या कोशातली सर्वच स्पष्टीकरणे आज घेता येण्याजोगी नाहीत. हे मात्र घेण्याजोगे आहे, कारण त्यात छटेच्या आधी घटना येते.

मुका मार लागलेल्या जागेचा रंग कोणता असतो? ज्याने ती जागा आठवडाभर पाहिली आहे त्याला हा प्रश्नच चुकीचा वाटेल. प्रथम ती तांबूस असते. त्वचेखाली सांडलेल्या रक्तातील प्राणवायू कमी होतो तशी निळी-जांभळी दिसू लागते. पुढे रक्तद्रव्याचे विघटन होताना आधी हिरवट आणि मग पिवळसर रंगद्रव्ये तयार होतात, आणि शेवटी त्वचा पूर्ववत् होते. म्हणजे ज्या वस्तूवरून हा शब्द इंग्रजीत रुळला ती वस्तूच एका रंगावर थांबत नाही. तिच्याशी प्रामाणिक राहणारा शब्दही एका रंगावर थांबणार नाही. ताज्या व्रणाला ‘लिव्हिड’ म्हणणारा इंग्रज लेखक तांबूस रंग डोळ्यांपुढे ठेवीत असेल तर तो अडाणी आहे असे म्हणण्याची आपल्याला घाई का असावी?

भाषावैज्ञानिकांनी हा मुद्दा निराळ्या वाटेने जवळ आणला होता. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मूलभूत रंगसंज्ञांचे निकष ठरवले. त्या निकषांनी इंग्रजीत अकराच संज्ञा मूलभूत ठरतात. एक निकष असा की, संज्ञेचा वापर ठरावीक वस्तूंपुरता मर्यादित नसावा. केसांपुरता वावरणारा ‘ब्लाँड’ म्हणून बाद होतो. ‘लिव्हिड’ही अर्थातच बाद होतो. पण बाद झालेल्या शब्दांचे पुढे काय, याबद्दल त्या चौकटीत फारसे काही सांगायचे नसते. रंगपट्ट्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून ‘हा लिव्हिड’ असे कोणी दाखवू शकणार नाही, कारण तक्त्यावरच्या चौकोनाला काहीही झालेले नसते. साहित्याच्या अभ्यासकाचे काम मात्र नेमके तेथून सुरू होते.

या ठिकाणी आपल्या काव्यशास्त्रातील एक संज्ञा उपयोगी पडते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही असे मला वाटते. भरताने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांमध्ये ‘वैवर्ण्य’ आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय या यादीत रंगाशी संबंधित असा हा एकच. त्याची कारणे नाट्यशास्त्रात दिली आहेत, त्यांत शीत आहे, क्रोध आहे, भय आहे, श्रम आहे, रोग आहे. कारणे इतकी परस्परभिन्न आहेत की, त्यांतून एकच छटा निघणे अशक्य. आणि भरत ती सांगतही नाही. चेहरा पांढरा पडावा की काळा, याचा निर्णय तो देत नाही. मुखवर्ण पालटावा एवढेच त्याचे म्हणणे, आणि नाडी दाबून साधायचा हा अभिनय अवघड आहे याचीही त्याला जाणीव आहे. हाच भरत रसांचे वर्ण सांगताना किती नेमका असतो! रौद्र रक्तवर्ण, बीभत्स नील, भयानक कृष्ण, करुण कपोतवर्ण. तेथे वर्ण हे संकेत आहेत, म्हणून ते ठरवून देता येतात. वैवर्ण्य संकेत नाही. ती शरीराने दिलेली साक्ष आहे. एखाद्या संज्ञेने रंग न सांगता रंगाचे ढळणे सांगावे, ही सोय आपल्या परंपरेने फार पूर्वी करून ठेवली होती.

‘लिव्हिड’ वाचायचा तो या अंगाने. तो वर्णवाचक असण्यापेक्षा वैवर्ण्यवाचक अधिक आहे. पृष्ठभागावर जे दिसते त्यामागे काहीतरी घडले आहे, किंवा घडू घातले आहे, हे तो सांगतो. छटा प्रत्येक संदर्भात वेगळी असू शकते. घटनेचा निर्देश मात्र क्वचितच सुटतो. असे मानले की, सिद्धान्तवाद्याची अनिश्चितताही आटोक्यात येते. शब्द भटकतो खरा, पण त्याच्या भटकण्याला कुंपण आहे. लहान मुलाच्या गालांची लाली, धुतलेले कापड, श्रावणातले गवत यांच्याकडे तो सहसा जात नाही. निळा, पांढरा, लाल या तिन्ही घरांत ज्याला प्रवेश आहे त्याला निरोगी घराचे दार बंद असावे, ही साधी गोष्ट नाही.

आता प्रत्यक्ष संहितांकडे वळू. लॅटिनमध्ये ‘लिव्होर’ या नामाचा दुसरा प्रस्थापित अर्थ आहे मत्सर. ओव्हिडने ‘मेटामॉर्फसिस’च्या दुसऱ्या सर्गात मत्सराची मूर्ती उभी केली आहे. तिच्या चेहऱ्यावर फिकटपणा, दातांवर काळपट कीट, छातीत पित्ताचा हिरवा, जिभेवर विष. तेथे दातांसाठी योजलेले क्रियापद ‘लिव्हेरे’च आहे. एकाच देहावर तीन-चार रंग मांडून कवीने जे साधले आहे ते रंगचित्र नव्हे. आतून कुजत गेलेल्या देहाचा हा पंचनामा आहे. लक्षात घेण्याजोगे असे की, शरीरावरचे चिन्ह आणि मनातला विकार या दोहोंना एकच शब्द लावण्याची प्रथा रोमन काळीच पडून गेली होती. ‘लिव्हिड’चा अर्थ ‘संतप्त’ होणे म्हणजे विसाव्या शतकातले इंग्रजीचे अधःपतन, असे मानणाऱ्याने हे आधी विचारात घ्यावे. विकार फक्त बदलला. मत्सराला इंग्रजीत पुढे हिरवा रंग मिळाला आणि ही जागा रिकामी झाली.

दान्तेने हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून सुटू दिले नाहीत. ‘पुर्गातोरिओ’च्या तेराव्या सर्गात मत्सरी जीवांची कडा येते. तेथील खडक ‘लिव्हिदो’ आहे. तेथील जीवांनी पांघरलेली वस्त्रे त्याच रंगाची आहेत, इतकी की, कवीला प्रथम खडकापासून माणसे वेगळी दिसत नाहीत. जवळ गेल्यावर कळते की, लोखंडी तारेने त्यांच्या पापण्या शिवलेल्या आहेत. दुसऱ्याचे सुख न पाहवणे हा डोळ्यांचा अपराध, म्हणून डोळ्यांनाच शिक्षा. ज्या रंगाने ते वेढलेले आहेत तो त्यांना दिसू शकत नाही. येथे ‘लिव्हिदो’चे भाषांतर ‘करडा’ असे केले तर खडक बरोबर उतरेल आणि सर्ग हातचा जाईल. ‘इन्फेर्नो’च्या बत्तिसाव्या सर्गात हाच शब्द गोठलेल्या सरोवरात रुतलेल्या छायांना लागतो; तेथे कारण शीत आहे. भरताच्या यादीतील कारणे दान्तेच्या नरकात भेटावीत यात प्रभावाचा प्रश्न नाही. माणसाची त्वचा सगळीकडे सारखीच वागते.

देहावरून निसर्गाकडे जाण्याची वाट व्हर्जिलने आधीच करून ठेवली होती. ‘ईनिड’च्या सहाव्या सर्गातील पाताळनदीचे पाणी ‘लिव्हिद’ आहे. मृतांच्या पाण्याला मृतांच्या त्वचेचा रंग येतो. मिल्टनला (‘पॅराडाइझ लॉस्ट’, १६६७) हे सारे मुखोद्गत असणार. पहिल्या सर्गात सैतान आपल्या साथीदाराला नरकाचे उजाड मैदान दाखवतो तेव्हा तेथल्या ज्वाळांना तो ‘लिव्हिड’ म्हणतो. टीकाकार सांगतात, गंधक जळतो तेव्हा ज्योत निळी असते, आणि मिल्टनच्या नरकात गंधक आहेच. हे रसायन अचूक आहे, पण अपुरे. त्याच वाक्यात पुढे त्या ज्वाळांच्या उजेडासाठी ‘पेल’ म्हणजे फिकट हे विशेषण येते. ज्वाळा काळ्यानिळ्या, उजेड फिका. ‘लिव्हिड’चा अर्थ पुढे ‘फिकट’ कसा झाला असेल, याचे एक संभाव्य उत्तर अशा शेजारात मिळते. त्याहून महत्त्वाचे हे की, बोलणारा नुकताच आकाशातून कोसळलेला आहे. मार खाल्लेल्याच्या डोळ्यांना आगही मार खाल्लेली दिसते. निवेदकाने हे विशेषण वापरले असते तर ते वर्णन झाले असते. सैतानाच्या तोंडी ते आत्मकथन होते.

बोदलेरच्या वाटेने जाणाऱ्या स्त्रीवरील कवितेत घटना भविष्यकाळात आहे. शोकवस्त्रातल्या त्या अनोळखी स्त्रीच्या डोळ्यांत कवीला ‘लिव्हिद’ आकाश दिसते, ज्यात वादळ रुजते आहे. अजून काही घडलेले नाही. वैवर्ण्य आधी आले आहे. आजच्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा नित्याचा अर्थ ‘अतिशय फिकट’ असा आहे. त्या अर्थाने हे आकाश वाचणारा आधुनिक फ्रेंच वाचक वादळाची चाहूल थोडी उशिरा ओळखील, एवढाच फरक.

गद्यातले एकच उदाहरण घेतो, कारण ते निर्णायक आहे. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) निर्मिती पुरी झाल्याच्या रात्री व्हिक्टरला स्वप्न पडते. इंगोल्स्टाटच्या रस्त्यात त्याला निरोगी, टवटवीत एलिझाबेथ भेटते. तो तिचे चुंबन घेतो. तिचे ओठ ‘लिव्हिड’ होतात. आणि बघता बघता तिच्या जागी त्याच्या मृत आईचे कफनात गुंडाळलेले प्रेत त्याच्या हातांत असते. ओठ नेमके कोणत्या रंगाचे झाले, हा प्रश्न येथे कोणी विचारीत नाही. शेलीबाईंनी शब्दाला जोडलेले क्रियापद ‘असणे’ नसून ‘होणे’ आहे. जिवंत प्रेयसी आणि मृत आई यांच्यामधली बिजागरी म्हणजे हा एक शब्द. त्याच्या अलीकडे जीवन आहे, पलीकडे मरण. प्रेतविज्ञानात ‘लिव्होर मॉर्टिस’ अशी संज्ञा आहे. मृत्यूनंतर शरीराच्या खालच्या भागात रक्त साचून जे तांबूस-जांभळे डाग उमटतात त्यांचे हे नाव. तेथेही रंगापेक्षा काळ महत्त्वाचा. वैद्य त्यावरून मृत्यूची वेळ ताडतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत संतापाचा अर्थ रूढ होऊ लागला. वाट सरळ आहे. आधी रागाने ‘लिव्हिड’, म्हणजे रागाने रंग पालटलेला. मग ‘रागाने’ गळून पडले आणि विशेषणानेच राग सांगायला सुरुवात केली. रसशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर सात्त्विक भावाचे नाव स्थायी भावाला मिळाले. या टप्प्यावर शब्दाचे काही नुकसान झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. आज इंग्रजी बोलणारा स्वतःविषयीच ‘मी लिव्हिड झालो’ असे सांगतो, आणि स्वतःचा चेहरा कोणालाच दिसत नसतो. साक्ष देणारा शब्द येथे केवळ दावा करतो. शुद्धिवाद्याची तक्रार ‘निळा गेला’ अशी नसून ‘चेहरा गेला’ अशी असती तर मी तिच्याखाली सही केली असती.

मग त्या कार्यशाळेतील बापाचे काय? तेथे निवेदन मुलाचे होते. मुलगा बापाकडे पाहत होता. म्हणजे चेहरा अजून शब्दात होता. ‘लालबुंद’ने राग पोहोचतो, परंतु मराठीतील ‘बुंद’, ‘फटक’, ‘ठिक्कर’, ‘धमक’ ही सारी शेपटे रंगाला घट्ट करणारी आहेत. त्यांच्यामुळे रंग पक्का होतो. ‘लिव्हिड’ची प्रकृती याच्या उलट आहे. त्याला जवळचा मराठी शब्द आपल्यासमोर सतत होता आणि तिघांपैकी कोणालाही, मलाही, सुचला नाही : काळानिळा. हा द्वंद्व समास मोठा विलक्षण आहे. ज्याला आपण काळानिळा म्हणतो ते ना काळे असते ना निळे. मार खाऊन अंग काळेनिळे होते, थंडीने ओठ काळेनिळे पडतात, विषबाधेने माणूस काळानिळा पडतो, आणि संतापानेही माणूस काळानिळा होतो. इतकी कारणे एका शब्दाखाली येतात, त्यांतली निम्मी भरताच्या यादीत आहेत, आणि हे सारे कोणत्याही लॅटिन मध्यस्थीशिवाय. कोशांनी ‘लिव्हिड’पुढे ‘निळसर’, ‘फिकट’ अशा छटा मांडण्याऐवजी हा शब्द प्रथम द्यावा, असे सुचवावेसे वाटते.

मर्यादा अर्थात आहेत. काळानिळा त्वचा सोडायला तयार नसतो. काळेनिळे ओठ होतील, काळानिळा बाप होईल. ‘काळ्यानिळ्या ज्वाळा’ म्हटले की, कान अडखळतो, आणि ‘काळानिळा खडक’ तर निव्वळ दगडाचा रंग सांगू लागतो. मत्सराचा अर्थही त्यात नाही. दान्तेचा अनुवाद करणाऱ्याला येथे ‘काळवंडलेला’ किंवा अशाच एखाद्या धातुसाधिताकडे वळावे लागेल. माझा कल धातुसाधिताकडे आहे, कारण त्यात निदान ‘होणे’ शिल्लक राहते.

एका आक्षेपाला उत्तर देणे उरते. वनस्पतिशास्त्रज्ञ ‘लिव्हिदुस’ हा शब्द निव्वळ छटेसाठी वापरतात. मायोर्का बेटावरच्या एका फुलझाडाचे नाव ‘हेलेबोरस लिव्हिदुस’ आहे, आणि त्या फुलाला कोणी मारलेले नाही. वर्गीकरणाला स्थिर चिन्ह हवे असते. शब्दातील घटना काढून घेतल्याखेरीज ते मिळत नाही, तेव्हा हे उदाहरण मला फारसे अडचणीचे वाटत नाही. खरी अडचण होरेसची आहे. ओडांच्या दुसऱ्या पुस्तकातील पाचव्या कवितेत, अजून वयात न आलेल्या मुलीमागे लागलेल्या पुरुषाला कवी थांबायला सांगतो. कच्च्या द्राक्षांचा हव्यास धरू नकोस, शरद ऋतू लवकरच घडांना ‘लिव्हिद’ करील, असे तो म्हणतो. येथे आघात नाही, रोग नाही, मरण नाही. आहे ते पिकणे. निरोगी घराचे दार बंद असते असे मी वर म्हटले, त्याला हा सरळ अपवाद आहे आणि तो मी मान्य करतो. मात्र होरेसनेही पिकलेल्या घडाला हा शब्द दिलेला नाही. हिरवा सुटला आहे आणि जांभळा पुरता आलेला नाही, त्या मधल्या अवस्थेला तो लागतो. पूर्ण रंगासाठी त्याने त्याच कडव्यात वेगळा शब्द ठेवला आहे. या जागी काळानिळा कामाचा नाही. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागाईतदार या अवस्थेला ‘मण्यात पाणी उतरणे’ म्हणतात. मणी मऊ पडू लागतो, काळ्या जातींत रंग भरायला लागतो, आणि बागेची राखण वाढवावी लागते ती याच सुमारास. होरेसच्या त्या ओळीचा अनुवाद करायची वेळ आली तर मी रंगाचा शब्द न वापरता ‘पाणी उतरू लागलेले घड’ असे लिहीन.